राळेचा वास

माझ्या चंद्रभान मामाला सहसा कशाची किळस येत नाही. सडकी वांगी तो हाताने निवडतो, शेणखताच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उतरतो. एकदा विहिरीत पडून फुगलेलं मांजर त्याने बादलीने वर काढलं आणि हात धुऊन पोहे खायला बसला. माझी बशी तशीच राहिली होती. असा हा माणूस यंदा पोळ्यानंतर अत्तराच्या एका शिशीपायी घर सोडून अंगणात राहायला गेला.

मामा आंजीचा. थोड्याशा शेतात सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, वांगी लावतो आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकतो. पण गावात कोणी गेलं की पहिलं बोलावणं त्यालाच येतं, कारण सरण रचणं त्याला जमतं आणि बाकीच्यांना ते शिकायचं नसतं. बाकीचे बाभळीखाली बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात, पचापचा थुंकतात आणि मोबाइल बघतात. मेलेल्या माणसापेक्षा मला या थुंकणाऱ्यांची जास्त घाण वाटते. मामा तेवढा आगीजवळ उभा राहून मुठीमुठीने राळ फेकतो. राळ पडली की जाळ भडकतो आणि गोडसर, चिकट धूर उठतो. त्या धुराची मात्र मामाला मनापासून शिसारी आहे. घरी आला की तो आधी अंगणातच बसतो, कोकिळा मामी वरून पाणी ओतते, आणि हा मिशा साबणाने घासघासून लाल होतो. तरी दोन दिवस वास हटत नाही, जेवण गोड लागत नाही. आमच्याकडे बायका स्मशानघाटावर जात नाहीत, आणि तिथलं काही घरात बोलायचं नाही हा मामाचा नेम.

यंदाच्या उन्हाळ्यात मामीच्या छातीत दुखलं. दवाखान्यात भरती करावं लागलं. मामा बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचा. एका सकाळी तो मला म्हणाला, "नीरज, जरासा डोळा लागला तं सपनात माह्या हातात राळ होती बे." आणि बोलून गेल्यावर त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

मामी बरी होऊन घरी आली. पोळ्याला त्यांचा मुलगा चंदन नागपूरहून आला. तो तिथे मॉलमध्ये अत्तरं विकतो, आणि बोलतोही तसाच, गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखा. "माय, हे अंबर आहे. एकदम वार्म, स्मोकी. अरबस्तानातले शेख लावतात," म्हणत त्याने मामीच्या मनगटावर, मानेवर, पदरावर फुसफुस फवारा मारला. शेखांना लखलाभ असो! आधी करपलेल्या गुळासारखं काहीतरी नाकात शिरलं, मग ओल्या पोत्याचा कुबट वास, आणि शेवटी घशात जे चिकटून बसलं ते मी ओळखलं. मामाकडे पाहिलं. त्याच्या हातातली पुरणपोळी खाली पडली होती. तो उठला, अंगणात गेला आणि भडाभडा ओकला.

चंदनचा चेहरा पडला. मामीने मात्र दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ते पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशीही. जन्मभर मेथीच्या आणि शेणाच्या वासात राहिलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी सुगंध आणून दिला होता, तिने का म्हणून लावू नये? मामाने खाट अंगणात टाकली. ताटही तो बाहेरच घेऊ लागला.

मामी एकदा मला म्हणाली, "दवाखान्यातून आली तवापासून यायले माही घिन येते रे. येऊ दे."

मी मामाला गाठून म्हटलं, सांगून टाक तिला. तो माझ्यावरच उखडला. "जित्या माणसाले कोणी सांगते काय, तुह्या अंगाले सरणाचा वास येते म्हणून? जीभ झडन माही!"

मग एका दुपारी मामी ताट घेऊन अंगणात आली आणि न ठेवता तशीच उभी राहिली. मामाने खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावला.

"काऊन?" मामी म्हणाली. "माही एवढी घिन येते?"

"राळ, वो!" मामा ओरडला. "राळेचा वास येते तुह्या अंगाले! मले नाई सोसवत!"

मी मान खाली घातली. असलं अभद्र, नुकत्याच मरणाच्या दारातून आलेल्या बाईला, भरल्या ताटासमोर. मामी मात्र शांत होती.

"मले का मालूम नाई?" ती म्हणाली. "पयल्याच दिवशी वळखला मी. तुमच्या अंगावर पाणी कोण टाकत होतं? कपडे कोण धूत होतं? तुमी घासूनघासून अंग धुवा, तं मले वाटे इटाळ फेडता. गावात मयत झाली का आमी बाया घरात बसून राहतो. कोण गेलं, कोण राह्यलं, मनात काईबाई येते. मंग अंगणातून हा वास आला का मले कळे, माहा माणूस घरी आला."

मामी ताट घेऊन आत गेली आणि तिच्या मागोमाग तोही उठून आत गेला. तो तिच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. त्याची शिसारी काही गेली नव्हती. तोंड पार वेडंवाकडं झालं होतं. डाव्या हाताने त्याने दुपट्टा नाकावर धरला होता, प्रत्येक घासाला तो जरासा खाली करायचा, घास कोंबायचा आणि पुन्हा नाक झाकायचा.

"भाजी वाढ अजून," तो दुपट्ट्याआडून म्हणाला.