पट्टीने आखलेली सीमा

आमच्या वरच्या खोलीत सेल्मा राहायची, नामिबियाहून पुण्याला शिकायला आलेली. एकदा चहाला खाली आली आणि भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशापुढे थांबली. मी निवृत्त भूगोल शिक्षक, नकाशा अजून उतरवलेला नाही. तिने नामिबिया आणि अंगोला यांच्यामधल्या सरळ रेघेवर बोट ठेवलं.

"सर, आमचं गाव इथे. आईचं माहेर रेघेच्या पलीकडे, चालत जाण्याइतकं जवळ. आजी वारली तेव्हा आईकडे कागद नव्हते. सीमेवरच्या शिपायांनी जाऊ दिलं नाही. आजीला पुरल्याचं मामाने कुंपणापलीकडून सांगितलं."

"कोणी मारली ही रेघ?" माझ्या बायकोने विचारलं.

"जर्मनांनी आणि पोर्तुगिजांनी. आमच्या लोकांना कोणी विचारलंसुद्धा नाही."

माझं डोकं तडकलं. स्वतःच्या राष्ट्राची वीतभर जमीन गेली तर पिढ्यान् पिढ्या डूख धरणारी ही माणसं! मातृभूमीवर गाणी रचायची, आणि दुसऱ्याची मातृभूमी टेबलावर पसरून कापायची. याला राष्ट्रप्रेम म्हणतात? आणि मी काय केलं? वर्षानुवर्षं वर्गात हसत सांगितलं, "ही सीमा सोपी आहे रे, पट्टी ठेवा आणि ओढा." त्या रेघेने कोणाचं माहेर तुटलं असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. त्यांचा आला तितकाच राग मला माझाही आला.

"आता जाते का आई पलीकडे?" मी विचारलं.

"जाते ना. परवान्यावर शिक्का मारून घेते, आजीच्या कबरीपाशी बसते आणि मुदत संपायच्या आत परत येते."