लॉरेन्स अंकलची खाली पडलेली पानं

लॉरेन्स अंकल गेल्याचं मला ट्रेनमध्ये कळलं. मी टोरंटोहून मिल्टनला परत येत होते. फोन थरथरला आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. दुकानाच्या काउंटरमागे उभे, टोपी वाकडी, डोळे वटारलेले. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या सर्वांना पोट धरून हसवणारे...’ आणि त्यापुढे जोडलेले हात आणि हसून हसून रडणारा चेहरा, शेजारी शेजारी. ते चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते. आदल्या संध्याकाळीच मी त्यांच्या पलंगाजवळ बसून आले होते. फोटोतला तो माणूस मी घरात कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं नाही, राग आला. आज सहा आठवडे झाले, तो अजून गेलेला नाही.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. अंकल आणि रोझी आंटी मूळचे वसईचे. घर शोधताना मी फोनवर इंग्रजीत बोलत होते. माझं आडनाव ऐकून अंकल म्हणाले, “ठाण्याची का गं तू? मग मराठीत बोल की. भाडं तेवढंच राहील.” मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, त्यामुळे माझं मराठी आजही मधेच थांबतं, शब्द शोधतं, मग पुढे जातं. अंकलना ते थांबणं आवडायचं. वाक्य पुरं करून द्यायला ते कधीच धावले नाहीत. वाट पाहायचे.

तरुणपणी ते मुंबईत रेडिओच्या श्रुतिकांमध्ये काम करायचे. गडी, वॉचमन, दारुडा, घरमालकाचा बहिरा सासरा. पुढे टीव्हीवरही तेच... दार उघडून यायचं, एक वाक्य बोलायचं, हशा घ्यायचा, जायचं. चाळिशीत कॅनडाला आले. दिवसा गोदामात नोकरी आणि सुट्टी मिळेल तेव्हा ऑडिशन. टॅक्सीवाला, लग्नातला काका, आणि शेवटी एका इंग्रजी विनोदी मालिकेत चार सीझन कोपऱ्यावरचा दुकानदार. दर भागात एकदा काउंटरवर हात आपटून म्हणायचं, “नो रिटर्न, माय फ्रेंड! ओन्ली एक्स्चेंज!” अंकलचं स्वतःचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, माझ्यापेक्षा स्वच्छ. पण डायरेक्टर प्रत्येक टेकनंतर म्हणायचा, हेल अजून थोडा वाढव. “मी तो रेडिओच्या बटणासारखा धरायचो,” अंकल एकदा चहा गाळताना म्हणाले. “दोनवर आपल्या वसईचा माणूस. चारवर कुठलाही इंडियन. सातवर माणूस संपतो, नुसता हेल उरतो. त्याला सात पाहिजे असायचं.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“सात द्यायचो. आणि असा द्यायचो की कॅमेरावाला हसून हलायचा. हशा मागायचा नसतो गं. आपण गप्प उभं राहायचं, तो चालत येतो.”

त्यांना त्या कामाची लाज नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अभिमान होता. त्यांना फक्त एकदा, एकदाच, शून्यावर बोलायचं होतं.

त्यासाठी त्यांनी अर्ध्या तासाची श्रुतिका लिहिली. बाप आणि मुलगी, दोन देशांतून फोनवर बोलतात. आई गेल्यावर घराचं काय करायचं, एवढंच बोलतात, आणि तेही नीट बोलत नाहीत. एकही विनोद नाही. इथे कम्युनिटी रेडिओवर दर शनिवारी सकाळी मराठी कार्यक्रम लागतो, त्यासाठी ती होती. मुलीचं काम त्यांनी मला दिलं. मी म्हटलं, मला जमणार नाही, मी अडखळते. “तेच पाहिजे,” ते म्हणाले. “तिला बापाशी बोलायला शब्द सापडत नाहीत. मी लिहिलेलं थांबणं खोटं वाटतं, तुझं खरं आहे.”

बेसमेंटमधल्या कपाटाच्या खोलीत, जिथे विंटरचे जाड कोट टांगलेले असतात, तिथे आम्ही रेकॉर्ड करायचो. कोटांमुळे आवाज घुमत नाही. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पानांची. रेडिओत संहिता पिनेने जोडायची नाही, सुटी ठेवायची. पान वाचून झालं की उलटायचं नाही, कारण माइकला ते ऐकू जातं. हात बाजूला घ्यायचा आणि सोडून द्यायचं. कार्पेटवर ते आवाज न करता पडतं. “आणि पडलं की वाकायचं नाही,” अंकल म्हणाले. “शेवटचं वाक्य होईपर्यंत उचलायचं नाही. घरात कितीही पसारा दिसू दे.” वरून रोझी आंटी ओरडायच्या, “लॉरेन्स, त्या पोरीला जेवू दे आधी!” आणि टेक वाया जायचा.

शेवटची दोन पानं रेकॉर्ड करायची राहिली होती, तेव्हा दिलीपदादांचा फोन आला. शनिवारचा कार्यक्रम ते चालवतात. अंकलनी स्पीकर लावला. दिलीपदादा म्हणाले, “अंकल, सुंदरच आहे, पण जड होतंय हो. लोक शनिवारी सकाळी तुम्हाला ऐकून हसायला बसतात. मधे दोन डायलॉग दुकानदाराचे टाका ना. बाप चुकून तसा बोलतो, असं काहीतरी.” अंकलनी फोन माझ्यासमोर धरला. म्हणाले, “हिला विचारा. ही पण ॲक्टर आहे यातली.”

ते माझ्याकडे बघत होते. मला फक्त ‘नको’ म्हणायचं होतं. मराठीत भीती वाटली की मी इंग्रजीत पळते. मी म्हटलं, “It's okay. Whatever works.”

अंकलनी फोन बंद केला. माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, “उरलेलं उद्या करू.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात कोसळले.

मंडळाने हॉलमध्ये शोकसभा घेतली. मोठ्या पडद्यावर दुकानदाराच्या क्लिपा, एकामागून एक, आणि लोक हसत होते. मोकळेपणाने, खुर्चीत मागे रेलून. शेवटी दिलीपदादा माइकवर म्हणाले, “अंकलना आवडेल असा निरोप देऊ. सगळ्यांनी एकदम!” आणि अख्खा हॉल ओरडला, नो रिटर्न, माय फ्रेंड. पहिल्या रांगेत रोझी आंटी आपल्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. मी तेव्हाही गप्प होते. दिलीपदादा वाईट माणूस नाहीत. हॉस्पिटलमध्ये आंटींचा डबा तेच आणायचे. म्हणून राग ठेवायला जागाही सापडत नाही, तो परत माझ्याकडे येतो.

मागच्या आठवड्यात दिलीपदादांनी फोन केला. श्रद्धांजली म्हणून श्रुतिका लावू, सुरुवातीला एक दुकानदाराची क्लिप, आणि शेवटची दोन पानं रेकॉर्ड झालेलीच नाहीत, तर तिथे संगीत देऊन संपवू.

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

शब्द यायला वेळ लागला. मी इंग्रजीकडे गेले नाही. “क्लिप नाही. संगीत नाही. शेवटची पानं मी वाचते. माझी वाक्यं. त्यांच्या वाक्यांच्या जागी... काही नाही.”

“अगं, रेडिओवर इतकी शांतता चालत नाही. लोकांना वाटेल स्टेशन बंद पडलं.”

“वाटू दे.”

“बघतो,” ते म्हणाले. “स्टेशनच्या बोर्डाशी बोलावं लागेल.”

त्या रविवारी चर्चहून आल्यावर रोझी आंटी खाली आल्या, कपाटाच्या खोलीबाहेर पायरीवर बसल्या, आणि मी कोटांमध्ये उभी राहून शेवटची दोन पानं वाचली. मुलगी विचारते, “बाबा, ऐकताय ना?” तिथे अंकलचं एक लांब वाक्य आहे. ते मी मनात वाचलं, त्यांच्या वेगाने, शून्यावर. तेवढी जागा सोडली. मग माझं पुढचं वाक्य. पान संपलं तसा हात बाजूला घेतला आणि सोडलं. आवाज झाला नाही. रेकॉर्डिंग त्याच दिवशी पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

पानं तिथेच आहेत. त्यांची आणि माझी, कोटांखाली, पडली तशी. आंटी काल म्हणाल्या, “उचल गं आता, पाय पडेल कोणाचा.” मी म्हटलं, अजून संपलं नाहीये.  व्हॅक्यूम मी पानांच्या भोवतीने फिरवते.