अक्काने मागवलेली साठ पाकिटं

तुमच्या दुकानाच्या वेबसाइटवरून तुम्ही स्वतः कधी डोळे मिटून काही मागवून पाहिलं आहे का?

मी पाहिलं नव्हतं. म्हणून उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या दिवशी बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या एका क्लबहाउसमध्ये साठ बायका चिरोट्यांची वाट बघत बसल्या, आणि त्यांच्यापुढे थालिपिठाच्या भाजणीची साठ पाकिटं येऊन पडली. कच्ची!

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. बाकीची मुलं 'कमळ' लिहायची तेव्हा मी 'धिक्कार' लिहायचे. आजही एखाद्या अन्यायावर मी चार ओळींत बोलू शकत नाही, मला पत्रकच काढावं लागतं. हाताने रेखलेलं, ठळक, शेवटी तीन उद्गारचिन्हं. गेली दोन वर्षं माझी बरीचशी पत्रकं एकाच विषयावर होती: सरकारी कचेऱ्यांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार का नाही? मल्लेश्वरममधल्या सगळ्या साहेबांना माझं तोंड पाठ आहे.

आणि हीच मी आमच्या घरच्या फराळाच्या दुकानाची वेबसाइट करायला बसले.

आईचं दुकान छोटं. चकली, शेव, चिरोटे, भाजणी, बस. पण मी ठरवलं की साइट झाली तर अशी व्हावी की बघणाऱ्याने थबकलं पाहिजे! प्रत्येक पदार्थाचं नाव मी बोरूने कागदावर रेखलं, फोटो काढला आणि तो फोटो साइटवर चढवला. भाव रेखले, 'आमच्याविषयी' रेखलं, शेवटचं 'धन्यवाद' तर असं वेलबुट्टीदार की ते वाचायला आईला तीन प्रयत्न लागले. फोटोखाली काय लिहायचं त्याच्या चौकटी होत्या, त्या मी रिकाम्या सोडल्या. (अक्षर स्वतः बोलतं, असं मी अण्णांना म्हणाले. अण्णांचे डोळे पाणावले. आम्ही दोघंही मूर्ख आहोत.)

आता अक्का. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. विशीतच तिची दृष्टी गेली, मग तिने टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी केली. समोरच्याने दाढी केली आहे की नाही हे आवाजावरून ओळखते, असं ती म्हणते आणि कुणाची उलट बोलायची हिंमत नाही. हल्ली ती मुलाकडे व्हाइटफील्डला असते. तिचा मोबाइल पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला तो सतत भांडतोय असंच वाटतं.

त्या अपार्टमेंटमधल्या बायकांचं मंडळ आहे. दर सणाला कामं वाटतात. अक्काने दर वेळी हात वर करायचा आणि सेक्रेटरी मीनाक्षीबाईंनी दर वेळी गोड आवाजात म्हणायचं, "अक्का, नीवु कूतकोळ्ळी." म्हणजे तुम्ही बसा. तीन वर्षं अक्का बसली. यंदा मात्र ती अडून बसली. "माझ्या भावजयीचं दुकान आहे मल्लेश्वरमला. साठ जणींचे चिरोटे मी मागवणार. मी, मोबाइलवरून, माझ्या हाताने!"

मीनाक्षीबाई म्हणाल्या, "सरी, बरं, बघू."

अक्काने शहाणपणा करून आधी मला फोन केला. मी उताराच्या पत्रकात बुडाले होते.

"रेणू, ते चिरोटे मागवायचे होते गं..."

"अक्का, साइटवरून कर ना! फोनवरच्या ऑर्डरी आम्ही बंद केल्यात. दोन मिनिटांचं काम आहे. लहान मूल करेल!"

"स्वल्प अडतंय गं मला तिथे."

"सवय नाही म्हणून! कर, कर, जमेल तुला." आणि मी फोन ठेवला. का? कारण 'दार सर्वांसाठी उघडा' या ओळीतल्या 'सर्वांसाठी'ची वेलांटी मला साधत नव्हती.

त्यानंतर काय झालं ते मला नंतर कळलं. अक्काने साइट उघडली. मोबाइल म्हणाला, "इमेज. इमेज. बटन. इमेज. बटन." अक्काने डोकं चालवलं. आई फोनवर नेहमी एकाच क्रमाने सांगते: चकली, शेव, चिरोटे, भाजणी. म्हणजे तिसरं बटन चिरोट्यांचं. तर्क अगदी चोख! फक्त भाजणीचा तपकिरी रंग शेवेच्या पिवळ्याशेजारी खुलतो म्हणून मी भाजणीला तिसऱ्या जागी आणलं होतं. अक्काने तिसरं बटन साठ वेळा दाबलं. साठ वेळा मोबाइल म्हणाला, "बटन." किती झाले हे त्याने एकदाही सांगितलं नाही. ती तोंडाने मोजत होती.

मग आल्या नाव-पत्त्याच्या चौकटी, त्यांवरही काही लिहिलेलं नाही. (म्हणजे रेखलेलं होतं. सुंदर!) अंदाजाने तिने नावाच्या जागी 'बी टॉवर' भरलं आणि पिनकोडच्या जागी 'सुशीला', म्हणजे स्वतःचं नाव; संकुलाचा पत्ता आणि फोन नंबर तेवढे योग्य जागी पडले. पिनकोडला आकडेच चालतात, सुशीला वाहून गेली. शेवटी साइटने विचारलं की तुम्ही माणूसच ना, मग खालच्या चित्रांतल्या बसगाड्या ओळखा. अक्काने खालून सिक्युरिटीच्या मंजप्पांना बोलावलं.

मंजप्पांनी चष्मा लावला. "ही बस आहे अक्का. ही पण बसच म्हणायची, नाहीतर ट्रक."

"आणि वर काय लिहिलंय, चिरोटे का?"

"अय्यो अक्का, ते मराठी की काय आहे. मला वाटलं रांगोळीच काढली आहे!"

इकडे दुकानात ऑर्डर येताच मी नाचले. साठ पाकिटं! नाव, बी टॉवर. बंगळुरात निम्म्या माणसांच्या नावाआधी आद्याक्षर असतं, मी म्हटलं असेल कुणी टॉवर आडनावाचे. पत्ता व्हाइटफील्डचा, अक्काच्याच संकुलातला. वा, अक्का जाहिरात करतेय आमची! फोन नंबर अक्काचाच होता, पण हल्ली घरच्या माणसाचा नंबर पाठ कुणाला असतो?

आई म्हणाली, "अगं, साठ पाकिटं भाजणी एकदम कोण मागवतं? एक फोन करून विचार."

"आई, फोन करायचा तर साइट कशाला केली?"

उगादीला सकाळी भाजणी टेम्पोत चढली आणि मी झेंडा मिरवावा तशी पत्रकं घेऊन मैदानाच्या कोपऱ्यावर उभी राहिले. अकरा वाजता फोन वाजला.

"रेणू," अक्काचा आवाज अगदी हळू होता, "चिरोटे पिठाच्या स्वरूपात येतात का गं हल्ली?"

मला काही कळेना. मग एकदम कळलं. माझ्या हातातल्या पत्रकावर लिहिलं होतं, 'दार सर्वांसाठी उघडा!!!'

दुकानात सगळे मिळून चौतीस चिरोटे होते. मी ते डब्यात भरले आणि मेट्रो पकडली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना गर्दीने मला उचलून आत ठेवलं, डब्याला मात्र बाहेरच ठेवायचा तिचा विचार होता. पुढे तासभर डबा मी छातीशी धरला, म्हणजे काय ते समजा. क्लबहाउसमध्ये झाकण उघडलं तेव्हा आत चौतीस चिरोट्यांचा भुगा होता. पीठ दूर करायला मी चुरा घेऊन पोचले होते!

गरज कुणालाच नव्हती. मीनाक्षीबाईंनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडली-वडा मागवला होता आणि बायका खातही होत्या. भाजणीची पाकिटं भिंतीशी रचलेली. त्यांच्या शेजारी खुर्चीत अक्का बसली होती, नवी इरकल नेसून, हात मांडीवर.

"अक्का, चूक माझी," मी म्हणाले.

मीनाक्षीबाई लगबगीने आल्या. "परवा नाही हो! अक्कांना कशाला त्रास द्यायचा, मी आधीच म्हटलं होतं." त्या खरंच चांगल्या मनाने म्हणाल्या, त्यामुळे जास्त लागलं.

अक्काने मोबाइल माझ्या हातात दिला. "डोळे मीट आणि चिरोटे मागव."

"अक्का, इथे? सगळ्यांसमोर?"

"दोन मिनिटांचं काम आहे. लहान मूल करेल."

मी डोळे मिटले. "इमेज," मोबाइल म्हणाला. "बटन. इमेज. बटन." साइट मी केली होती, माझ्या हाताने रेखली होती, आणि मी कुठे आहे ते मला सांगता येईना. दाबत गेले. बायकांच्या ताटल्यांचे आवाज थांबले होते. कुणीतरी खुसखुसलं. डोळे उघडले तेव्हा मी ऑर्डरीत आणखी तीन पाकिटं भाजणी टाकली होती.

"अक्का, मला वाटलं होतं की अक्षर..." मी सुरू केलं. "तू माझी पत्रकं वाचतेस ना गं, तुला माहीत आहे मी या बाबतीत किती..."

"मी तुझं एकही पत्रक वाचलेलं नाही, रेणू."

"पण दर वेळी तू 'छान' असं पाठवतेस!"

"तू पाठवतेस तो फोटो असतो. माझा मोबाइल म्हणतो, इमेज. तू मनापासून पाठवतेस म्हणून मी छान म्हणते. कशाबद्दल असतात गं ती?"

दोन वर्षं! अपंगांच्या हक्कांवर मी काढलेलं प्रत्येक पत्रक मी ज्या एका अंध बाईला नेमाने पाठवत होते, तिला मी आजवर फक्त 'इमेज' एवढाच शब्द पाठवला होता. मी ताटली ओढली आणि इडली खाल्ली.

जाताना मी म्हटलं, "अक्का, माफ कर."

"माफी काय करू? मला दया नको आहे गं, मला चिरोटे हवे होते. मी गिऱ्हाईक होते तुझं. साठ ताटांचं."

साइट दुरुस्त करायला मला किती वेळ लागला असेल? तीन संध्याकाळी. रेखलेली नावं काढली, साधी लिहिली. प्रत्येक फोटोखाली, प्रत्येक बटनावर, प्रत्येक चौकटीवर ती काय आहे ते लिहिलं. बसगाड्या काढून टाकल्या. फोन नंबर परत टाकला. चौथ्या दिवशी अक्काने एकटीने अर्धा किलो शेव मागवली, शेवच आली. पाठोपाठ आईच्या ओळखीच्या एका काकांनी मागवली. त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते मोबाइलशी तोंडानेच बोलतात. इतके दिवस ते दुसऱ्या दुकानातून घेत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मंडळाची पुढच्या सणाची यादी मात्र आली आहे. साइट तीन संध्याकाळींत सुधारली, मीनाक्षीबाईंचं मत काही सुधारलं नाही. यादीत अक्काच्या नावापुढे 'उपस्थिती' असं लिहिलंय, म्हणजे पुन्हा नुसतं बसणं. ते माझ्यामुळे आहे आणि त्यावर माझ्याकडे पत्रक नाही.

म्हणून तुम्ही एक करा. आज संध्याकाळी तुमच्या दुकानाची, कचेरीची किंवा तुम्ही नेहमी जिथून वस्तू घेता त्या व्यापाऱ्याची साइट उघडा. मोबाइलमध्ये पडदा वाचून दाखवायची सोय असते, ती चालू करा, डोळे मिटा आणि एक वस्तू मागवून दाखवा. नाही जमलं तर मालकाला त्याच दिवशी फोन करा आणि नेमकं कुठे अडलं ते सांगा. तो बहुतेक म्हणेल, "अहो, आमच्याकडे अंध गिऱ्हाइकं येतच नाहीत!" त्याला म्हणावं, मल्लेश्वरमची एक मुलगीही हेच समजून होती, आणि तिची तर सख्खी आत्याच अंध गिऱ्हाईक होती.