मेंढ्या आत आलेल्या होत्या

माझ्या आईने आजवर गेमचे एकही बटण दाबलेले नाही. तरीही जगभर नावाजलेल्या एका रोल-प्लेइंग गेममधले आमच्या घरातले बहुतेक निर्णय तिनेच घेतले. लॅपटॉप माझा, टीव्हीला लावलेली वायर माझी, कंट्रोलरही माझ्याच हातात. पण कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाला सोबत घ्यायचे आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचे, हे ती पलंगावर बसून शेंगा फोडता फोडता ठरवायची. पडद्यावरचे इंग्रजी संवाद मी मराठीत सांगत असे. ती क्षणभर विचार करी आणि म्हणे, "ह्यो लई गोड बोलतोय. ह्याला काय सांगू नगं." बहुतेक वेळा तिचा अंदाज खरा ठरे.

आमचे गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कोरेगाव भीमाच्या बाजूला एका औषध कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली होती. संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर सोडी. चहा झाला की आप्पा, म्हणजे माझे वडील, बातम्यांवरचा हक्क सोडून ओट्यावर जाऊन बसत. "चला, मायलेकींची लढाई सुरू झाली," हे त्यांचे रोजचे वाक्य.

खेळाची कथा साधी होती. लढाईने दुभंगलेला एक डोंगराळ मुलूख आणि त्यात निरोप पोहोचवणारी आमची नायिका. तिची धाकटी बहीण पळापळीत हरवलेली. बहीण कुठे आहे हे एकाच म्हातारीला ठाऊक होते आणि ती म्हातारी मेंढ्या राखणारी निघाली. तिची अट अशी : बर्फ पडण्याआधी खिंडीत अडकलेल्या माझ्या मेंढ्या गढीत आणून दे, मग सांगते.

आई सरळ होऊन बसली. तिचे माहेर दौंड तालुक्यात, वरवंडच्या पुढे. आजोबांनी जमीन घेऊन शेती धरली त्याआधी त्यांचे सगळे घर मेंढरांमागे फिरत असे. आई परकर नेसायच्या वयात कळपाबरोबर कोस कोस चाललेली होती. एवढा वेळ तिने त्या मुलखातले राजे, सरदार, जादूगार यांच्याबद्दल केवळ मते दिली होती. आता तिच्या कामाचा विषय निघाला होता.

"म्होरं हो," ती म्हणाली.

"पुढे? मागून हाकू की. घोडा दिलाय ना."

"घोड्यानं हाकशील तर बर्फात समद्या फुटतील. म्होरं चाल आन् हाक दे. एक निघालं की बाकीची आपसूक येत्यात."

खेळात हाक मारण्याचे बटण होतेच. मी घोडा सोडला, कळपाच्या पुढे झाले आणि हाक दिली. खरोखरच एक काळतोंडी मेंढी निघाली आणि तिच्यामागे सगळा कळप ओळीने खिंड उतरला. एकही मेंढी भटकली नाही. आम्ही गढीच्या दरवाजातून आत गेलो, मागोमाग मेंढ्या आल्या आणि म्हातारीच्या पायाशी घोळका करून उभ्या राहिल्या.

मी तिच्याशी बोलायला गेले. ती म्हणाली, "माझ्या मेंढ्या अजून यायच्या आहेत."

पुन्हा बोलले, पुन्हा तेच. एक मेंढी तिच्या लुगड्यासारख्या झग्यात तोंड खुपसत होती आणि ही बाई दूर खिंडीकडे पाहत होती.

"पायाशी उभ्या हायेत की," आई म्हणाली. "दिसत न्हाई का हिला?"

मी बाहेर जाऊन परत आले, झोपून उठले, मेंढ्यांना पुन्हा बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. त्या हलेनात. दरवाजातून आत येताक्षणीच खेळाने आपणहून ती स्थिती सेव्ह, म्हणजे जतन, केलेली होती आणि मागचे सेव्ह त्याखाली पुसले गेले होते. म्हणजे बहिणीचा पत्ता कायमचा त्या म्हातारीच्या तोंडात अडकला होता. आमची कथा तिथेच थांबली होती.

"मी सांगितलं म्होरं व्हायला, म्हणून झालं का हे?" आईने विचारले.

मी नाही म्हटले. पण माझ्याकडे पुरावा नव्हता आणि तो नसताना मी बोलले हे तिने ओळखले. नव्याने सुरुवात करू या, असेही मी सुचवले.

"पयल्यापासनं? मग ती आपली न्हाई ऱ्हायची. आपल्यावाल्या पोरीनं त्या कैद्याला सोडवलं, त्या नावाड्याशी भांडली. ती तितंच दारात उभी हाय की." आणि ती स्वयंपाकघरात गेली. पुढच्या संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसली नाही. चार दिवस आप्पांनी बातम्या पाहिल्या.

रविवारी मी शिरूरला गेले. हा खेळ ज्याने मला दिला तो माझा चुलतभाऊ, तिथे त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. खेळाच्या बाबतीत तो भक्त आहे, दुसरा शब्द नाही. एका उघड्या मदरबोर्डवरून नजर न काढता त्याने सगळे ऐकून घेतले.

"अगं, बग असणारच. एवढा मोठा गेम हाय. ताजमहालात एखादी फरशी हलली म्हणून काय तू तिकिटाचे पैसे परत मागणार?"

"फरशी हलली तर चालेल, दादा. जिना अर्ध्यातच संपला तर नाही चालणार."

"तू पण ना. समदं जग डोक्यावर घेतंय त्याला. अवॉर्ड घेतल्यात त्यानं."

"म्हणूनच जास्त विचारायचं. आमच्या लॅबमध्ये एखादी बॅच नापास झाली, तर 'कंपनी फार नावाजलेली आहे' असं लिहायला रकाना नसतो."

"गोळी खाऊन माणूस मरतो बाई. मेंढी मोजली न्हाई म्हणून कोण मेलं?"

मुद्दा बिनतोड होता आणि मी तो मान्य केला. सगळे दोष एका मापाने मोजता येत नाहीत. याच खेळात एकदा आमचा घोडा एका चर्चच्या कौलांवर जाऊन उभा राहिला होता आणि शेपटी हलवत होता. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. तो दोष कोणी दुरुस्त केला असता तर मलाच वाईट वाटले असते. दाढी शिरस्त्राणाच्या बाहेर येते, सावली उलट पडते, पात्र भिंतीत पाय रोवून बोलते; हे सगळे सोसावे, त्याने कोणाचे काही जात नाही. मी दोषाचे वजन एकाच प्रश्नाने करते : खेळणाऱ्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय हा दोष खोटा पाडतो का? रोल-प्लेइंग गेमचा सगळा करारच असा असतो की तू निवड, तुझ्या निवडीप्रमाणे जग बदलेल. आम्ही काम चोख केले होते आणि जगाने ते पाहायला नकार दिला होता. ही फरशी नव्हती, पायाच होता.

"मग करणार काय तू?" त्याने विचारले.

"सिद्ध करणार. तुझ्या मशीनवर पण लागेल मला."

"म्हंजी फुकट टेस्टिंग. कंपनीनं ठेवलंय का तुला कामाला?" पण स्क्रू ड्रायव्हर त्याने खाली ठेवला होता.

आधी मी इंटरनेटवरचा खेळणाऱ्यांचा फोरम, म्हणजे चर्चेचा कट्टा, वाचून काढला. तिथे दोनच जाती होत्या. एक शिव्या देणारी, दुसरी आरती करणारी. आमच्यासारखीच म्हातारीशी अडलेली माणसे थोडी होती, पण होती. आणि प्रत्येकाला भक्तांनी जवळजवळ सारखेच उत्तर दिले होते, की तुम्ही चुकीचे खेळलात, पुन्हा सुरू करा. बिचाऱ्यांनी तसे केलेही असावे, कारण पुढे त्यांनी काही लिहिले नव्हते. मला तिथे एक गोष्ट लख्ख समजली. जो दोष सोसला जातो त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तो नाहीच असे पुढच्याला सांगितले जाते. सहनशीलता हा गुण असेल, पण तिच्यामुळे माहिती नष्ट होते. शिव्या देणाऱ्याचेही तेच. 'भिकार गेम' या दोन शब्दांतून कोणत्याही अभियंत्याला काहीही शोधता येत नाही.

आमचे सेव्ह मी जपून बाजूला ठेवले. मग वेगळा खेळ सुरू करून, वाटेतले सगळे टाळून थेट खिंडीपर्यंत गेले आणि तिथे प्रयोग मांडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. माझा पहिला संशय बर्फावर होता, तो फोल ठरला. मग वाटले की एखादी मेंढी मागे राहिली असेल, मुद्दाम एक खिंडीत ठेवून बाकीच्या आधी आत जाऊ दिल्या, तर म्हातारी निराळेच वाक्य बोलली, "एक कमी आहे." म्हणजे तिला मोजता येत होते. घोडा असला-नसला तरी फरक नव्हता, कळपाबरोबरच्या कुत्र्यानेही पडत नव्हता. अखेर मी तेच तपासले जे मला पहिल्यापासून तपासायचे नव्हते : पुढे चालणे.

मागून हाकल्या, मेंढ्या आधी आत गेल्या, मी नंतर. म्हातारी प्रसन्न.

पुढे चालले, मी आधी आत गेले, मेंढ्या नंतर. "माझ्या मेंढ्या अजून यायच्या आहेत."

पुन्हा केले. पुन्हा तसेच. आणि मग अर्ध्या मेंढ्या पुढे, अर्ध्या मागे ठेवून दरवाजा ओलांडला, तेव्हा म्हातारीने फक्त पुढच्या अर्ध्या मोजल्या आणि उत्तर हातात आले. मी उंबरा ओलांडताच खेळ मोजणी बंद करत होता. माझ्या मागून आलेली मेंढी त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. हा खेळ ज्यांनी रचला त्यांच्या डोळ्यांसमोरचा मेंढपाळ कायम कळपाच्या मागे चालणारा होता. कळपापुढे चालणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. हाक मारण्याचे बटण मात्र त्यांनीच दिले होते, म्हणजे पुढे चालण्याची मुभा त्यांनीच ठेवली होती आणि मग ती मोजायला विसरले.

चुलतभावाला मी फक्त कृती लिहून पाठवली, कारण सांगितले नाही. नाहीतर तो आपल्या बाजूने निकाल वळवेल अशी मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "माझी म्हातारी पण आंधळी झाली. तुझं खरं हाय. आता मला सांग, असं म्होरं कोण चालतं?"

"तुझी काकू."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "व्हिडिओ मी करतो. तुझं एडिटिंग लई बेकार असतं."

मी निवेदन इंग्रजीत लिहिले. त्यात राग नव्हता, कौतुकही नव्हते. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, किती वेगळ्या प्रकारे पडताळले आणि मोजणी कुठे तुटते असे वाटते, इतकेच. सोबत भावाचा व्हिडिओ. फोरमवर पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले : मेंढ्यांच्या पुढे चालतोच कोण? मी लिहिले की आमच्याकडे चालतात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि तुम्ही कृती करून पाहा. कृतीची ताकद हीच, की तिला भक्ती लागत नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी ती केली आणि प्रत्येकाची म्हातारी खिंडीकडे बघत राहिली. डोंगराळ भागातल्या एकाने लिहिले की त्याच्या आजोळीही मेंढपाळ पुढेच चालतो आणि तो स्वतःचीच चूक समजून गप्प बसला होता. त्यानंतर तसे लिहिणारे आणखी निघाले.

मग खेळ बनवणाऱ्यांपैकी एकाचे दोन ओळींचे उत्तर आले : दोष सापडला, कृती नेमकी असल्याने लगेच सापडला, पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या सुधारणेत, दुरुस्त होईल. मी उलट एकच प्रश्न विचारला, जुन्या सेव्हचे काय? कारण नव्या खेळाडूंचे भले झाले तरी आमची नायिका दारातच उभी राहणार होती. उत्तर यायला थोडा वेळ लागला, पण आले : अडकलेल्यांचीही सुटका करू.

पॅच आला त्या दिवशी मी बसमध्येच त्याची टिपणे वाचली. लांबलचक यादीत एक ओळ होती : खेळाडू कळपाच्या पुढे चालत असल्यास मेंढ्या मोजल्या जात नव्हत्या, आता मोजल्या जातील. शेजारची मुलगी म्हणाली, "काय गं, पगारवाढ झाली का?" मी म्हटले, त्याहून मोठे काहीतरी.

घरी आल्यावर आईला पलंगावर बसवण्यासाठी मला आग्रह करावा लागला नाही. दादाने आधीच फोन करून तिला सगळे सांगून टाकले होते, आणि नात्यातल्या ग्रुपवरही टाकले होते की आमच्या काकूने परदेशी कंपनीकडून गेम दुरुस्त करून घेतला. आप्पा ओट्यावर गेले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "बघू तरी, त्या बाईला दिसतंय का आता."

मी आमचे जुने सेव्ह उघडले. तीच गढी, तोच दरवाजा, मेंढ्यांत उभी असलेली तीच आमची मुलगी. म्हातारीकडे गेले. तिने खिंडीवरची नजर काढली, खाली पाहिले आणि काळतोंडीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "सगळ्या आल्या. एकही हरवू दिली नाहीस तू." मग बहिणीचा पत्ता सांगितला.

मी ते मराठीत सांगितले. आई म्हणाली, "चल, थांबू नगं आता."

बहीण नदीपलीकडच्या एका गिरणीत सापडली. मोठी झाली होती, रागावलेली होती, आणि दार उघडून गप्प उभी होती. पडद्यावर तीन पर्याय आले : जवळ घे, कारण सांग, गप्प राहा. मी आईकडे पाहिले. तिने घाई केली नाही.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "तिला बोलू दे आधी."

बहीण बोलली, पुष्कळ बोलली आणि शेवटी स्वतःच जवळ आली. आप्पांनी चष्मा पुसला आणि काहीतरी कारण काढून पाणी प्यायला गेले. पडद्यावर नावांची मालिका वर सरकू लागली. आईने त्यातले काहीही वाचले नाही. तिला एकच जाणून घ्यायचे होते.

"आता दुसऱ्या कुणी म्होरं चालून मेंढरं आणली, तर त्या म्हातारीला दिसतील न्हवं?"

"दिसतील. कुठल्याही देशात."

"मग बरं झालं," आई म्हणाली, "'तुमचंच चुकलं' म्हणणाऱ्यांचं तू ऐकून न्हाई घेतलं ते."