दुसरं पान

परवा सोसायटीच्या गच्चीत गादीवाला कापूस पिंजत होता. तो कोमट, धुळकट वास माझ्या एकटीच्या घरात शिरला आणि मी घाटंजीजवळच्या आमच्या वावरात जाऊन पोचले.

पहिल्या वेचणीची सकाळ होती. वेचणीआधी पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, पळसाच्या पानावर दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता, म्हणून दादा सुरतेला कामाला गेला होता आणि दोन दिवाळ्या आला नव्हता. वहिनीला माहेरचे परत न्यायला टपले होते; दुसरं घर बघू म्हणायचे.

मी कॉलेजात ग्रीकांचं जुनं महाकाव्य शिकत होते. मोठ्या तोऱ्यात वहिनीला गोष्ट सांगितली. लढाई जिंकलेला राजा परतताना एका बेटावर अडकतो. तिथली देवी त्याला अमर करायला तयार असते, तरी तो किनाऱ्यावर बसून घरासाठी रडतो. इकडे राणी मागणी घालणाऱ्यांना थोपवत त्याची वाट पाहते.

राणीबद्दल वहिनीनं काहीच विचारलं नाही.

"तिथं त्याले काहीच कमी नोतं?"

"नाही."

"तरी घर आठवे?"

"रोज."

"खरंच, ताई?"

"खरंच," मी म्हटलं. पुस्तकातच होतं तसं.

तिनं पळसाचं दुसरं पान मांडलं, त्यावरही दहीभात वाढला आणि ओटी बांधून वेचायला लागली.

तेव्हा वाटलं, तिला गोष्ट आवडली. पण ती राजाचं विचारतच नव्हती.

वहिनी माहेरी गेली नाही. दादा आला नाही. दर वेचणीला पऱ्हाटीखाली दुसरं पान मात्र मांडलं जायचं, माझ्या त्या एका 'खरंच'वर.