सोनकांबळे सरांची हजेरी

सोनकांबळे सर हजेरी घ्यायला लागले की आम्हा दीडशे पोरापोरींना जांभया यायच्या. लातूरच्या त्या कोचिंग क्लासात बाकीचे सर डोकी मोजून मोकळे व्हायचे. जीवशास्त्राचे हे सर मात्र नाव पुकारायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि उभं राहिलेल्याचा चेहरा बघितल्याशिवाय खूण करायचे नाहीत. "आवाजाचं काय घेऊन बसलास? तोंड दाखव." या माणसाला पोरगी बघायला नेलं तर पोहे शिळे होतील, असं आम्ही म्हणायचो. शेवटचं नाव झालं तरी ते क्षणभर दाराकडे बघत राहायचे.

एकदा मी तापाने खोलीवर पडून होते. मैत्रिणीने मान खाली घालून माझ्या नावाला "हजर" म्हटलं आणि पकडली गेली. दुपारी सर सायकल हाणत माझ्या दारात. मला पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले.

"हायेस न्हवं? बस्स."

"एका हजेरीसाठी एवढं, सर?" मी चिडून विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या वेळी ते नोकरीपायी लातुरात, बायको माहेरी धर्माबादला आणि दोन्ही मुली गावी आजीपाशी. सकाळी गाव गाठलं, तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. आई गेल्याचं वेशीतच कळलं. मदतीच्या तंबूत लातूरच्या दवाखान्यात नेलेल्यांची यादी होती. तीत 'सोनकांबळे, मुलगी' अशा दोन ओळी होत्या. "दोघी बी हायत?" त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, "हाव, दोन लिवल्यात." आपल्या पोरी वाचल्या, म्हणून सर दिवसभर शेजाऱ्यांचे ढीग उपसत राहिले. संध्याकाळी दवाखान्यात गेले तेव्हा तिथे एकटी सुनीता. तंबूत तिचीच नोंद झाली होती आणि गाडीत चढवताना पुन्हा तिचीच. धाकटी घरातच राहिली होती.

"एकच पोर दोनदा मोजली गं. म्हनून म्या आपल्या ढिगाला हात लावला न्हाई."

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी एकही तास बुडवला नाही.

पुढे माझं पोट देवमाशांवर चालू लागलं. अरबी समुद्रात त्यांचा एक गट थोडकाच उरलाय. छोट्या बाणाने त्यांच्या कातडीचा नखाएवढा तुकडा आणायचा, जनुकांतल्या खुणा वाचायच्या आणि वेगवेगळे देवमासे किती ते ठरवायचं. आमच्या आकड्यावरून जहाजांचा मार्ग वळवायचा की नाही हे ठरणार होतं. आकडा वाढलेला निघाला. आता मार्ग वळवायला नको, म्हणून सगळे खूश झाले.

मला मात्र दोन माद्या चैन पडू देईनात. त्यांच्या बाकी सगळ्या खुणा जुळत होत्या, दोनच जुळत नव्हत्या. अहवाल अडवून मी ते नमुने पुन्हा तपासायला लावले. सहकारी तोंड फुगवून बसले. एक नमुना खराब झाला होता, म्हणून त्या दोन खुणा चुकीच्या वाचल्या गेल्या होत्या. मादी एकच होती. मग अशा आणखी जोड्या निघाल्या आणि आकडा खाली आला.

मी सरांना फोन लावला. ते नांदेडला सुनीताकडे राहायचे, फार थकले होते. आमचं तेच शेवटचं बोलणं.

"सर, दोन नव्हत्या. एकच होती."

सरांनी विचारलं, "ज्यांनी ठरवायचं, त्यांना सांगितलंस?"

"हो सर."

"कवा?"

"आज सकाळीच."

"बरं केलंस, पोरी," सर म्हणाले. "मला दिस मावळल्यावर कळलं."