दादीची दोपहरी

दादी माझ्या पणजीला आयुष्यभर चोर म्हणत आली. तोंडावर. चारचौघांत.

आणि पणजी हसून म्हणायची, "हाय मी चोर. मग?"

आज सकाळी उल्हासनगरला दादी गेली. नव्वदी उलटली होती. झोपेतच गेली. आईचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी साइटवर सळ्या बांधत होतो.

मी ओमानला आहे. पोचणं शक्य नाही, म्हणून लिहितोय. शाळा नववीत सोडली, चुका असतील तर सांभाळून घ्या.

दादी आमच्या नात्यातली नाही. ती सिंधी, आम्ही जवळच्या चामटोली गावचे, भाजी पिकवणारे. तिच्या मुलाच्या दुकानात मी कामाला होतो तेव्हा तिने ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितली. (तिथेही मी टिकलो नाही. बाकी सगळे ओरडले. दादी म्हणाली, पाय चालतात तोवर फिरून घे.)

फाळणी झाली तेव्हा ती नवी नवरी होती. कराचीहून बोटीने मुंबई आणि तिथून कल्याण कॅम्प. म्हणजे आजचं उल्हासनगर. मिलिटरीच्या रिकाम्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे, एका पडद्यामागे एक कुटुंब.

तिची आई मात्र दुसऱ्या कॅम्पात, अजमेरला गेली.

ताटातूट होताना आईने ओल्या फडक्यात गुंडाळून काही काड्या दिल्या होत्या. चिनी गुलाबाच्या. आपण ऑफिस टाइम म्हणतो तेच. जाडसर बारीक पानं, दगडावरून लोंबत खाली येतं, ऊन चढलं की फुलतं. दादी त्याला दोपहरी म्हणायची.

बोटीत माणसं आजारी पडली. काड्या टवटवीत.

बराकीच्या जोत्याला मोठे काळे दगड होते. त्यांच्या मागे माती भरून दादीने काड्या लावल्या. उन्हाळ्यात सगळ्या जोत्यावर गुलाबी झालर.

पण मन लागेना. नवऱ्याच्या मागे एकच भुणभुण, मला आईकडे न्या, अजमेरला. तो म्हणायचा, धंदा आत्ता कुठे लागतोय. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत बघू. नाहीच रमलीस तर जाऊ.

आणि त्यातच कोणीतरी रोज दोपहरीचे शेंडे खुडून न्यायला लागलं.

दादीला वाटलं, इथल्या लोकांना आपण नको आहोत. राग झाडावर काढतात.

एका सकाळी ती पडद्याआड दबा धरून बसली. चोर सापडला. डोक्यावर भाजीची टोपली, कमरेला शेंडे खोचलेले. माझी पणजी.

दादीने मनगटच धरलं. "मांगती तो मैं देती नहीं क्या?"

पणजी म्हणाली, "मागून नेलेला झाड लागत नाय, बाय. चोरूनच न्यावा लागतो."

आमच्याकडे आजही हेच मानतात. दादीला ती थट्टा वाटली. जोरदार भांडण झालं. पणजीकडून भाजी घेणं बंद.

मग पावसाळा आला. दादी कोरड्या मुलखातली. महिनोन्‌महिने असं पाणी पडतं हे तिने कधी बघितलं नव्हतं. त्यात खाली भरलेली चिकट काळी माती, आणि उघडीप मिळाली की मायेने वर आणखी तांब्याभर पाणी.

सगळं कुजलं. हात लावला की काळा चिखल.

"साईं, अब बस," ती नवऱ्याला म्हणाली. "इथे काही जगत नाही."

 ट्रंक भरली. नवरा तिकिटांची चौकशी करून आला.

ही बातमी बराकीतल्या बायकांनी पणजीला सांगितली. नवरात्राच्या दिवसांत ती दादीच्या दारात आली. टोपलीत भाजी नव्हतीच. नुसती दोपहरी. मुळांना खडी चिकटलेली.

चोरलेले शेंडे तिने शेताच्या दगडी बांधाच्या फटींत खोचले होते. तिथे पाणी ठरतच नाही. पावसाळाभर मजेत वाढले.

दादीने हात पुढे केला. पणजीने टोपली मागे ओढली.

"हातात देणार नाय. दिलेला लागत नाय." टोपली खाली ठेवली. "मी नळावर जाते पाणी प्यायला. मागं बघणार नाय."

आणि खरंच गेली.

दादीने नवऱ्याकडे बघितलं. "अपनी ही चीज़ चोरी करूँ?"

तो म्हणाला, "कर ले. पुलिस को मैं नहीं बताऊँगा."

केली. टोपली साफ. पणजी परत आली, रिकाम्या टोपलीत डोकावली आणि अख्ख्या बराकीला ऐकू जाईल असं म्हणाली, काय चोर लोकांचा कॅम्प आहे हा.

कराची सोडल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसले, असं दादी सांगायची.

मग दोघींनी मिळून काळी माती उकरून काढली. विटांचे तुकडे, खडी, वर थोडी वाळूमाती. काड्या तिरक्या खोचल्या. पणजीने तांब्या लांब नेऊन ठेवला. ऊन दे म्हणाली, पाणी नको. लांब वाढली की शेंडा खुड, तरच फुटवे येतात. दादी म्हणाली, म्हणजे तू चोरत होतीस म्हणूनच माझी दाट होती की.

ट्रंक त्याच संध्याकाळी रिकामी झाली. नवऱ्याने हळूच विचारलं, अजमेर? ती म्हणाली, पहिलं फूल येऊ दे.

नंतर तिची आईच एकदा अजमेरहून राहायला आली. सकाळच्या उन्हात जोत्यावर बसली, दगडांवरून लोंबणारी फुलं बघत राहिली. मुलीला कशी आहेस म्हणून विचारलंसुद्धा नाही. तिला कळलं होतं.

पणजी मी लहान असताना गेली. आज दादी.

दादी, तू इथेच राहिलीस. आमचं नशीब.

सगळ्या चामटोलीकरांचा तुला नमस्कार. सावकाश जा.